शंभर वर्षांची जमीन

मोहखेडीची शाळा बंद पडली तेव्हा तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. बंद पडून दोन वर्षं झाली आणि मग मात्र सगळ्यांना तिचं फार प्रेम आलं.

शाळा म्हणजे एकच खोली. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, पुढे पडवी. चार वर्ग चार भिंतींकडे तोंड करून बसायचे आणि मधोमध गुरुजींची खुर्ची. पहिलीवाले पाढे म्हणायला लागले की चौथीवाल्यांना इतिहास ऐकू यायचा नाही, आणि त्याबद्दल चौथीवाल्यांची कधी तक्रार नव्हती. आसपासच्या गावांत सिमेंटच्या शाळा झाल्या, फरश्या बसल्या. मोहखेडीलाही दर वर्षी फरशी मंजूर व्हायची आणि दर वर्षी ती रस्ता चुकून दुसऱ्याच गावी जाऊन बसायची. शेवटी पट सातावर आला. सात पोरांसाठी शाळा चालवणं बरोबर नाही, असं वरून पत्र आलं. पोरं हिंगणीला जायला लागली आणि खोलीला कुलूप लागलं.

पोरं होती तेव्हा छप्पर गळत होतं. पोरं गेल्यावर छपरासाठी निधी आला. हे कसं, ते शाळेशेजारच्या अण्णाजीला कळलं नाही, पण असं विचारायची गावात पद्धत नव्हती. सरपंच भूपेंद्रनं ग्रामसभेत सांगितलं की आपली शाळा आता शाळा राहिली नाही, ती वारसा झाली आहे. बोरच्या जंगलात वाघ पाहायला येणाऱ्या गाड्या गावावरूनच जातात. त्यांना वाघ काही रोज दिसत नाही. न दिसलेल्या वाघाच्या बदल्यात त्यांना शाळा दाखवायची, असा एकूण बेत होता.

लगेच समिती झाली. अध्यक्ष पुंडलिकराव गुरुजी. त्यांनी या खोलीत बावीस वर्षं काढली होती, त्यातली बरीचशी बदलीचे अर्ज लिहिण्यात. आता ते वर्ध्याजवळ पिपरी मेघेला दुमजली घर बांधून राहत होते आणि प्रत्येक सभेत सांगत होते की ही खोली म्हणजे माझा आत्मा आहे. आत्मा एवढा लांब ठेवून माणूस पिपरी मेघेला कसा राहतो, हेही कोणी विचारलं नाही.

अण्णाजीचं घर शाळेच्या भिंतीला लागून. गावाची जुनी रीत अशी की ज्याची भिंत शाळेला लागून, त्याच्या घरच्या बाईनं शाळा सारवायची. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, कोणाला माहीत नाही. आधी अण्णाजीची आई सारवायची. मग त्याची बायको आनंदाबाई. शनिवारी सकाळची शाळा साडेअकराला सुटली की ती शेणामातीचा काला घेऊन आत जायची आणि मागच्या भिंतीपासून सरत सरत दारापर्यंत यायची. सोमवारी पोरं येईपर्यंत जमीन वाळलेली असायची. अशी चौतीस वर्षं. शाळा बंद झाली तरी तिनं सोडलं नाही.

"आता कोण बसते तिथं?" अण्णाजी म्हणायचा.

"कोणी नाई म्हणून तं धूळ होते," ती म्हणायची आणि घमेलं उचलायची.

ती डावरी होती. सारवताना हात अर्धगोल फिरतो आणि वाळलेल्या जमिनीवर त्याच्या कमानी उमटतात. सगळ्या बायांच्या कमानी एका बाजूला वळतात, आनंदाबाईच्या उलट्या. गावातली कोणतीही बाई दारात उभी राहून सांगायची की ही आनंदीची जमीन.

माघात ती गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं, पाचव्या दिवशी घरी आणलं ते परत उचलण्यासाठीच. तिला घरातून नेलं आणि रीतीप्रमाणे शेजारच्या बायांनी मागं घर सारवून काढलं. अण्णाजी घाटावरून परत आला, उंबऱ्यात पाय ठेवला आणि थांबला. जमिनीवरच्या सगळ्या कमानी सरळ बाजूला वळलेल्या. शेजारच्या लीलाबाईनं चांगलं सारवलं होतं. तिचा काही दोष नव्हता. प्रेत निघालं की घर सारवतातच. पण चौतीस वर्षं त्या घरात वावरलेली बाई दुपारी गेली आणि दिवस मावळायच्या आत तिचा हातसुद्धा घरातून गेला.

आता तिच्या हातची एकच जमीन उरली होती. पौषातल्या शेवटच्या शनिवारी सारवलेली, शाळेची. चावी घरीच होती. अण्णाजी रोज दुपारी जायचा, कुलूप काढायचा आणि उंबऱ्यावर बसायचा. आत पाय ठेवायचा नाही. तंबाखू चोळायचा आणि जमीन पाहायचा. मग कुलूप लावून घरी यायचा. एवढंच.

चैत्रात एक दिवस भूपेंद्र दारात आला. मागे समिती उभी होती.

"काका, शाळेची चावी द्या. पाहणी करून राह्यलो."

"मीच उघडून देतो," अण्णाजी म्हणाला. "चपला पडवीत काढाव लागते."

समितीला हे नवीन होतं. पुंडलिकराव तर नाडीचे बूट घालून आले होते.

"अरे अण्णाजी, मी बावीस वर्षं बूट घालून शिकवलं इथं."

"होय जी. म्हणूनच दर शनिवारी सारवाव लागे."

गुरुजी हसले, पण बूट काढण्याइतके नाही. ते पडवीतच थांबले आणि तिथून आपल्या आत्म्याकडे पाहू लागले.

भूपेंद्रनं आत मान घालून हात फिरवला. "पहिले हे माती उचलून टाकू. खाली काँक्रीट, वरून मातीच्या रंगाची टाईल. एकदम गावठी दिसते. नागपूरच्या एका हॉटेलात म्या पाह्यली."

"माती हाय ना इथं," अण्णाजी म्हणाला. "मातीच्या रंगाची कायले पाह्यजे?"

"टाईल धुता येते, काका."

त्यांच्याबरोबर नागपूरहून रुचिका आली होती. जुन्या इमारती सांभाळायचं शिकलेली मुलगी. वय तिशीचं, हातात मोजपट्टी. तिनं चपला कोणी सांगायच्या आधीच काढल्या होत्या, हे अण्णाजीनं पाहिलं होतं. ती उंबऱ्याशी उकिडवी बसून जमीन निरखत होती.

"ही जमीन मूळची आहे का?" तिनं विचारलं.

समिती पुंडलिकरावांकडे पाहू लागली. गुरुजींना सांगता यायला हवं होतं, पण शनिवारी साडेअकराला शाळा सुटली की पावणेबाराची वर्ध्याची बस असे. जमीन दर सोमवारी नवी दिसते, हे त्यांच्या बावीस वर्षांत लक्षात आलं नव्हतं. आलं असलं तर ती आपोआप होते असा त्यांचा समज होता.

"मूळची असेल तर तिला हात लावता येणार नाही," रुचिका म्हणाली. "नंतर कोणी केलेली असेल तर काढायला हरकत नाही."

अण्णाजी आयुष्यात फार खोटं बोलला नव्हता. सत्यवादी होता म्हणून नव्हे. त्याला कोणी फारसं काही विचारतच नसे.

"मूळची हाय," तो म्हणाला. "शंभर वर्षं झाले."

"शंभर?"

"एखादं जास्त असन. कमी नाई."

पुंडलिकरावांना तो आकडा ऐकताक्षणी आवडला. "शंभर तर नक्कीच," ते पडवीतून म्हणाले. "मी रुजू झालो तेव्हाच ती साठीच्या वर होती."

रुचिकानं वहीत लिहून घेतलं. टाईलचा बेत गेला. पौषातली जमीन चैत्रात शंभर वर्षांची झाली आणि अण्णाजी घरी येऊन बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

मग काम सुरू झालं. छपरावर आधी नवे कवेलू घातले, मग ते काढून मुद्दाम जुने आणून बसवले. भिंतींवर पोरांनी खिळ्यानं कोरलेली नावं होती, ती कामगारांनी लिंपून टाकली. नंतर समितीच्या लक्षात आलं की जुन्या शाळेत कोरलेली नावं असायला पाहिजेत. तेव्हा एका कारागिराला बोलावून दोन नावं नव्यानं कोरून घेतली. त्यातलं एक सरपंचाच्या मुलाचं होतं. तो पहिल्यापासून वर्ध्याच्या इंग्रजी शाळेत होता.

जमिनीवर रुचिकानं पारदर्शक प्लास्टिकचे जाड तक्ते बसवायला सांगितले. लोक तक्त्यांवरून चालतील, खाली जमीन दिसेल, तिला धक्का लागणार नाही. तक्ते बोटभर उंच ठेवायचे आणि चारी बाजूंनी फट सोडायची, म्हणजे हवा खेळेल, हे तिनं दोनदा सांगितलं आणि ती नागपूरला गेली. भूपेंद्रला फट बरी वाटली नाही. फटीतून मुंग्या जातील. त्यानं चारी कडा पांढरा डिंक भरून पक्क्या बुजवल्या आणि आपण मुलीचं काम अर्धवट राहू दिलं नाही याचं त्याला समाधान वाटलं.

ज्येष्ठात फलक आला. पितळेच्या रंगाचा. अण्णाजीनं तो उंबऱ्याजवळ उभं राहून वाचला. चौथी याच खोलीत झाली होती, वाचता येत होतं.

'मूळ भूमी. अंदाजे इसवी सन १९२०. लोककलेचा दुर्मिळ नमुना. कलाकार अज्ञात.'

त्यानं शेवटचे दोन शब्द पुन्हा वाचले. रविवारी पुंडलिकराव आले तेव्हा तो त्यांच्याकडे गेला.

"गुरुजी, ते अज्ञात काढाव लागते."

"मग काय लिहायचं?"

"आनंदाबाई."

गुरुजींनी चष्मा वर केला. "अण्णाजी, शंभर वर्षं म्हणून तूच सांगितलं ना? आनंदाबाई गेली तेव्हा वय काय होतं तिचं?"

"छप्पन."

"म्हणजे जन्माच्या आधी चव्वेचाळीस वर्षं सारवत होती का ती?"

गुरुजींचं गणित चांगलं होतं. बावीस वर्षांत वर्गात ते कधी दिसलं नव्हतं, एवढंच.

अण्णाजी मागे फिरला. खरं सांगावं तर ही जमीन नंतरची ठरणार, आणि नंतरची काढायला हरकत नव्हती. टाईल अजून भूपेंद्रच्या डोक्यात होतीच. तिचा हात ठेवायचा तर नाव जात होतं. नाव लिहायचं तर हात जात होता. त्यानं हात ठेवला.

श्रावणात तक्त्यांखाली वाफ धरली. अण्णाजी रोज दुपारी उंबऱ्यावरूनच, हात पोचेल तेवढा तक्ता धोतराच्या सोग्यानं पुसायचा, पण वाफ आतून होती. मग एका कोपऱ्यात पांढरी लव दिसू लागली, शिळ्या भाकरीवर येते तशी. त्यानं भूपेंद्रला बोलावून दाखवली.

"हे चांगलंच हाय, काका," भूपेंद्र म्हणाला. "धुकं आल्यासारखं दिसते. अजून जुनं वाटते."

पंधरा ऑगस्टला उद्घाटन ठरलं. वर्ध्याहून एक मोठे पुढारी येणार होते, पत्रिका छापून झाल्या होत्या. चौदा तारखेला सकाळी फोटोवाला आला, रुचिका शेवटची तपासणी करायला आली आणि पुंडलिकराव आपलं भाषण घेऊन आले. शाळेच्या माहितीपत्रकाच्या मागच्या पानासाठी एक फोटो हवा होता: गावातली म्हातारी, तिच्यापुढे शेणाचं भांडं, मागे शंभर वर्षांची जमीन. भूपेंद्रनं त्यासाठी आपल्या आईलाच आणलं. कौशल्याबाई, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गुडघ्यांनी अधू, जिभेनं नाही.

त्यांच्यापुढे चकचकीत पितळी गंगाळ ठेवलं.

"पितळेच्या गंगाळात शेण कालवते काय कोणी?" त्या म्हणाल्या.

"फोटोत चांगलं दिसते, आई. तू नुसती बस."

त्या बसल्या. बसल्या तशा तक्त्यावर वाकल्या आणि पदरानं पुसून खाली पाहायला लागल्या. फोटोवाला म्हणाला, आजी, वर पहा. आजी खालीच पाहत होत्या.

"हे कोणाचं सांगतलं तुम्ही?"

"शंभर वर्षांचं हाय ते."

"मले नोको शिकवू. हे आनंदीचं हाय. डावे हात दिसून राह्यले की नाई?" त्यांनी तक्त्यावर बोट टेकवलं. "अन् हे तं सडून राह्यलं, बापा. सारवण काय लोणचं हाय काय, बरणीत घालून मुरवाले?"

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. रुचिका गुडघ्यावर बसली आणि तक्त्याच्या कडेवरून बोट फिरवत गेली.

"ही फट कोणी बुजवली?"

भूपेंद्र छपराकडे पाहू लागला. नवे काढून जुने बसवलेले कवेलू त्याला एकदम पाहण्यासारखे वाटले.

रुचिका उठली आणि अण्णाजीकडे वळली. "काका, आजी काय म्हणतात?"

अण्णाजी पडवीच्या खांबाला टेकून उभा होता. "बरोबर म्हणते," तो म्हणाला. "पौषातलं हाय ते. माह्या घरच्या बाईनं सारवलं. त्याच्यानंतर तिले सारवाले जमलं नाई."

"तुम्ही तर मला शंभर वर्षं सांगितलं."

"सांगतलं. तुम्ही टाईल आणून राह्यले होते." त्यानं जमिनीकडे बोट केलं. "ते कधीच आठ दिवसाच्या वर जुनं राह्यलं नाई, पोरी. दर शनिवारी नवं व्हाचं."

रुचिका वही उघडायला गेली आणि तिनं ती तशीच मिटली.

"हे बघा," पुंडलिकराव मध्ये पडले, "उद्यापुरती शंभर वर्षं राहू द्या. माझ्या भाषणात तीन ठिकाणी आहे ते."

कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. भूपेंद्रनं पाना आणवला आणि तक्ते एकेक करून निघाले. आतून कोंदट वास आला. खिडकीकडची बाजू बरीच धड होती, पण मागच्या भिंतीशी बुरशी पसरली होती आणि कोपऱ्यातून वाळवीची बोटभर रेघ वर आली होती.

"मी खरं सांगते, काका," रुचिका म्हणाली. "औषध मारता येईल. बुरशी मरेल, पण रंग उडेल आणि या खुणा राहतील असं मी नाही म्हणू शकत. नुसतंच उघडं ठेवलं तर भेगा पडतील."

"चार दिवसांत पोपडे निघतीन," कौशल्याबाई म्हणाल्या. "वरून हात फिरवल्याबिगर नाई थांबत हे. आनंदी असती तं तिनं कालच फिरवला असता."

अण्णाजीनं उंबरा ओलांडला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. भिंतीच्या कडेकडेनं तो खिडकीपर्यंत गेला, खाली बसला आणि एका कमानीवर तळवा ठेवला. माती गार होती. हात उचलला तेव्हा तळव्याला पांढरं लागलं होतं. त्यानं ते धोतराला पुसलं.

"फोटो काढून ठेवू का?" रुचिकानं हळूच विचारलं. "प्रत्येक कमानीचा."

"काढा. समितीले लागतीन."

"तुम्हाला?"

"मले काय कराचं फोटोचं?" तो म्हणाला. फोटो काढून होईपर्यंत तो तिथंच बसून राहिला. मग उठून म्हणाला, "शेण आणतो."

शेण आणलं, पांढरी माती आणली, गंगाळ बाजूला सारून घरचं घमेलं आणलं. कौशल्याबाईंनी लुगडं खोचलं, काला सारखा केला आणि मागच्या भिंतीपासून सुरुवात केली. भूपेंद्रनं दोनदा सांगून पाहिलं की श्रावणातली ओल आहे, उद्यापर्यंत वाळणार नाही, पाहुणे येणार आहेत. त्या म्हणाल्या, पाहुण्याले सांगजो का जरा दमानं या. खोलीच्या मध्यापर्यंत आल्या आणि थांबल्या.

"अण्णा, माहे गुडघे इथंच संपले. उरलं ते तू कर."

"म्या कधी केलं नाई."

"तिनं केलं तवा पाह्यलं असन ना? चौतीस वर्षं काय डोये मिटून होता काय?"

अण्णाजीचं खरं उत्तर तेच होतं. शनिवारी साडेअकराला तो वावरात असायचा. दर शनिवारी. वावर कुठं पळून जात नव्हतं. गुरुजींची बस होती, त्याचं वावर होतं. घरी यायचा तेव्हा ती हात धुऊन भाकरी टाकत असायची. त्यानं सगळ्या कमानी पाहिल्या होत्या, पण तो हात फिरताना एकदाही पाहिला नव्हता. गुरुजींना हसायचा त्याला किती अधिकार होता, हे त्याला तेव्हा कळलं.

त्यानं बाह्या वर केल्या आणि काल्यात हात घातला.

"एवढा नोको घेऊ. भाकर थापून राह्यला काय?" कौशल्याबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या. "हात आडवा धर. आडवा. दाबू नोको, जमिनीले जोर नाई लागत. नुसता फिरव."

तो फिरवत गेला. गोळे राहिले, कुठं बोटं खोल रुतली, कुठं खालचं उघडं राहिलं. एकेक उलटी कमान त्याच्या हाताखाली जात होती. खिडकीजवळच्या धड कमानींपाशी तो थांबला. पुंडलिकराव पडवीतून काहीतरी म्हणायला लागले, तर रुचिकानं त्यांना हातानं थांबवलं. कौशल्याबाईंनीही या वेळी टोमणा मारला नाही. अण्णाजीनं घमेल्यातून काला घेतला आणि हात फिरवला. दारापर्यंत सरत आला तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं आणि त्याला कंबर सरळ करता येत नव्हती. भूपेंद्रनं हात देऊन उठवलं. काकाचा हात शेणानं भरला आहे हे त्याच्या लक्षात उशिरा आलं.

सकाळी झेंडावंदन झालं आणि पाहुणे आले. पांढरे स्वच्छ कपडे, मागे पाच गाड्या. दाराला फीत बांधली होती. फितीच्या पलीकडे उंबऱ्यावर अण्णाजी बसला होता.

"काका, सरका," भूपेंद्र दबक्या आवाजात म्हणाला.

"ओलं हाय."

"दोन मिनिटं. फोटोपुरतं. कोपऱ्यावरून जातीन."

"ओलं हाय ना, बापा."

"भूपेंद्र," पडवीतून कौशल्याबाई म्हणाल्या, "कोणाचा पाय उमटला तं तूच सारवशीन."

भूपेंद्रनं आजवर विरोधी गटाला दाद दिली नव्हती, तहसीलला दिली नव्हती. आईला दिली. पाहुण्यांनी बाहेरूनच फीत कापली. पुंडलिकराव चाळीस मिनिटं बोलले. आत्मा सहा वेळा आला आणि शंभर वर्षं ठरल्याप्रमाणे तीनदा आली. रुचिकानं आदल्या संध्याकाळी त्यांना सगळं पुन्हा समजावून सांगितलं होतं, पण भाषण टंकलिखित होतं.

मग पाहुण्यांनी दारातून आत डोकावून पाहिलं.

"वा," ते म्हणाले. "शंभर वर्षांची जमीन, आणि अगदी कालच सारवल्यासारखी वाटते."

"कालच सारवली जी," अण्णाजी म्हणाला.

पाहुणे मोठ्यानं हसले. ते हसले म्हणून भूपेंद्र हसला, भूपेंद्र हसला म्हणून सगळी पडवी हसली. पाहुण्यांना तो विनोद फार आवडला. समारोपाच्या भाषणात त्यांनी तो दोनदा सांगितला आणि खेड्यातल्या माणसाच्या हजरजबाबीपणाबद्दल काही चांगले शब्द काढले. मग सगळे पोहे खायला ग्रामपंचायतीकडे गेले.

रुचिका मागे राहिली. तिनं फलकाचे दोन स्क्रू काढून तो खाली उतरवला होता.

"काका, हा मी नवा करून आणते. समितीला काय वाटायचं ते वाटू दे. कलाकार आनंदाबाई, असं लिहू ना?"

"कलाकार नोका लिहू. ती कुठं कलाकार होती?"

"मग?"

"आनंदाबाई सारवत होती. एवढंच लिहा."

तिनं लिहून घेतलं. "आणि आता कोण सारवतं, ते?"

"जो सारवन तो. त्याचं कायले लिहाव लागते?"

ती फलक काखेत धरून गाडीकडे गेली. ग्रामपंचायतीकडून भोंग्याचा आवाज येत होता. शेजारची एक कोंबडी पडवीत चढून दाराकडे निघाली, तिला अण्णाजीनं हुसकावलं आणि तो पुन्हा उंबऱ्यावर बसला.

कौशल्याबाई खांबाला धरून उठल्या. "चल बापा. पोहे थंडे होऊन राह्यले."

"तुम्ही व्हा पुढं. अर्धं अजून ओलं हाय."

"कोणतं अर्धं?"

"माहं," अण्णाजी म्हणाला. "जाड झालं."